मंडपाखालची जमीन

अदिस अबाबा, मगाबित ४

झेवदू,

तुझा फोन वाजत राहतो आणि मग एक बाई इंग्रजीत सांगते की हा माणूस आत्ता बोलू शकत नाही. तिचा आवाज मला आता पाठ झालाय. म्हणून कागद घेतला. मामाची मुलगी रविवारी कॅल्गरीला परत निघते आहे, ती हे तुझ्या हातात देईल. वाचायचं की नाही ते तू ठरव. मोठी बहीण म्हणून एवढंच सांगते, फाडू नकोस.

आई बरी आहे. गुडघा धरतो, पण या मोठ्या उपासात दूध-लोण्याला शिवत नाही आणि चर्चमध्ये शेवटपर्यंत उभीच राहते. तुझ्याबद्दल विचारत नाही. मीही विषय काढत नाही.

घर आहे तिथेच आहे. मागची पिठाची गिरणी मात्र गेली. तिथे आता खड्डा खणताहेत. कुठल्याशा विमा कंपनीचा टॉवर होणार आहे, खाली चार तळघरं. खड्ड्याच्या काठाला पत्र्याचं कुंपण, कुंपणाला लागून आपलं मागचं अंगण, त्यात आईचं चुलीचं खोपटं आणि इद्दिरचं, गल्लीच्या मयत-मंडळाचं, कोठार, आणि मग घर. गल्लीत कोणी गेलं की इद्दिरचा मंडप अजूनही आपल्याच अंगणात उभा राहतो, एवढं मोठं अंगण दुसऱ्या कोणाकडे उरलं नाही. मंडप, बाकं, मोठी भांडी, सगळ्याची किल्ली आईच्या कमरेला असते.

त्या खड्ड्याचं एक काम माझ्याकडे आहे. खणताना आजूबाजूची जमीन किती सरकेल, किती खचेल, ते आधी सांगायचं. हसू नकोस. तेफच्या पोत्यातून एक मापटं काढलं की बाजूचे दाणे त्या खळग्याकडे घरंगळतात, आठवतं ना? मातीचंही तसंच, फक्त ती हळू सरकते आणि तिच्यावर माणसं राहतात. सगळ्यात जास्त खचतं ते अगदी काठाला नाही. काठ खांबांच्या रांगेने थोडा धरून ठेवलेला असतो. खचतं ते जरा मागे, ताटलीसारखं. त्या ताटलीचा तळ कुठे येतो ते मी कागदावर काढून पाहिलं. आपल्या अंगणात येतो.

काम मी मागून घेतलं. दुसऱ्या कोणाच्या नकाशावर आपलं घर नुसता एक चौकोन असतं.

काळजी करण्यासारखं काही नाही. बोटभर खचेल, जास्त नाही.

बेलायनेश


अदिस अबाबा, मगाबित २५

झेवदू,

पत्र मिळालं असं मामाच्या मुलीने कळवलं. तू काय म्हणालास असं विचारलं, तर ती म्हणाली, "दार उघडलं, घेतलं, थँक्यू म्हणाला." ठीक.

मागे मी बोटभर म्हटलं होतं. तो अंदाज दुसऱ्या शहरांच्या मातीवरून काढलेल्या आलेखांचा होता. तिथले लोक कित्येक वर्षं आपले खड्डे मोजत आलेत. आपल्याकडे खड्डे पुष्कळ झाले, मोजून कोणी ठेवलं नाही. आणि आपली ही काळी माती त्या आलेखांत बसायला तयार नाही. उन्हात फाटते, ओलीत फुगते, आणि एकदा हलायला लागली की खणणं थांबवलं तरी रेंगाळत हलतच राहते. मी पुन्हा गणित केलं. तीन बोटं आलं. तीन बोटांत आपल्यासारखं मातीचं घर उभं राहतं, पण त्यात कोणी झोपू नये.

बैठकीत हे मांडलं. फिकादू म्हणून साइटचा मुख्य आहे, खणणं त्याच्या ताब्यात. त्याने विचारलं, "इंजिनियरबाई, हे घर कोणाचं?"

"तुम्हाला माहीत आहे."

"मला आहे हो, पण सगळ्यांना कळू दे. यांच्या आईचं! महिन्याच्या सुरुवातीला एक बोट होतं, आता तीन झाली. आईने शिरोचं कालवण चांगलं खाऊ घातलं, तर पुढच्या महिन्यात आख्खा हात होईल."

सगळे हसले. मीही हसले. हसले नसते तर रडले असते आणि मग उरलेला आकडाही कोणी ऐकला नसता. पण घरी येताना बसमध्ये मनात किडा वळवळत राहिला: खरंच मी आईच्या घराला झुकतं माप देते आहे का? मग मी ते गणित तिसऱ्यांदा केलं आणि, तुला सांगते, थोडं कमी करून लिहिलं. दोन बोटं. न्यायाने वागायचं म्हणून.

आईला म्हटलं, "पावसाळा संपेपर्यंत माझ्याकडे चल."

"चौथ्या मजल्यावर?"

"हो."

"तुझ्या जिन्यात शवपेटी वळत नाही. मी बघितलंय. तुझ्या खालचा म्हातारा गेला, तेव्हा त्याला उभा करून उतरवला. उभा! जन्मभर बसून खाल्लं बिचाऱ्याने आणि मेल्यावर जिना उतरला."

"आई, तू मरायला येत नाहीयेस. राहायला येते आहेस."

"या वयात दोन्हींची तयारी एकदमच करतात." मग कमरेच्या किल्लीवर हात ठेवून म्हणाली, "मी गेले तर मयताच्या दिवशी कोठार कोण उघडणार? आणि जी दुसऱ्यांच्या मयताला नसते, तिच्या मयताला कोण येणार? तुझ्या बाबांना कोणी नेलं? इद्दिरने नेलं. मुलगा नव्हता, इद्दिर होतं."

हे तुला लिहू नये असं वाटत होतं. पण तुला ते आधीच माहीत आहे. तुझी कागदपत्रं अडकली होती, इथे आला असतास तर परत जाता आलं नसतं. मला ते कळतं. तू तिसऱ्या दिवशी फोन केलास आणि ती म्हणाली, मंडपात फोन घेत नाहीत. त्यानंतर तुम्ही दोघं एकमेकांची वाट बघत बसला आहात.

झेवदू, माझं ती ऐकत नाही, कारण मी रोजच बोलते. तू एक वाक्य बोललास तर ते तिला जड पडेल. "आई, घर सोड." एवढंच. फोन कर.

बेलायनेश


अदिस अबाबा, मियाझिया १०

झेवदू,

खड्डा तिसऱ्या तळघरापर्यंत पोचला.

खांबांच्या रांगेत एक नळी पुरली होती, भिंत पोटातून किती झुकते ते सांगणारी. खोदयंत्राने ती चिरडली. नवी जिबूतीच्या बंदरात अडकली आहे, आज येते, उद्या येते. तोवर माझ्या हातात वरून दिसतं तेवढंच: खांबांच्या डोक्यावरच्या खुणा आणि आपल्या घराच्या मागच्या भिंतीवरच्या भेगा. प्रत्येक भेगेच्या दोन्ही बाजूंना मी एकेक पितळी खिळा ठोकलाय. दर आठवड्याला दोन खिळ्यांमधलं अंतर मोजायचं आणि वर पेन्सिलने लिहायचं.

आई म्हणते, "माझ्या भिंतीवर वाण्याची उधारी मांडल्यासारखं दिसतं."

"पुसू नकोस हं."

"मी कशाला पुसू? पण ईस्टरच्या सणाला पाहुणे येणार. ही भिंत मागची आहे म्हणून गप्प आहे."

भेगांना ती घाबरत नाही. या काळ्या मातीवर कोणीच घाबरत नाही. कोरड्या दिवसांत भेग उघडते, पाऊस आला की मिटते, सणाआधी माती, शेण आणि तेफचा पेंढा कालवून लिंपून टाकायची, झालं. मीही त्याच भिंतींमध्ये वाढले. लहानपणी त्या भेगेत मी पेन्सिल ठेवायची आणि तू ती आत ढकलायचास.

या आठवड्यात भेग जास्त उघडली. फिकादूला म्हटलं, खांबांना आतून धरणारे आडवे टेकू बसल्याशिवाय पुढचा थर खणू नका. तो म्हणाला, "सणाला माणसं गावी जाणार, आल्यावर बघू. तुमची नळी कुठे आहे? नळी नाही, आकडा नाही. आकडा नाही, तर थांबणं नाही." मी म्हटलं, भिंत आकडा देते आहे. तो म्हणाला, "शेणाच्या भिंतीचा आकडा मी वरिष्ठांना कसा दाखवू?"

शेवटी एवढं ठरलं: सणानंतर मी पुन्हा मोजायचं. तोवर भेग आणखी उघडली असेल तर काम थांबेल. तशीच असेल तर मी सही द्यायची आणि ते चौथा थर खणतील.

फोन केला नाहीस. आईने विचारलं नाही, पण माझा मोबाइल वाजला की ती बोलायची थांबते.

बेलायनेश


अदिस अबाबा, मियाझिया २८

झेवदू, भावा,

सणाच्या शुभेच्छा, उशिराच का होईना!

चांगली बातमी आधी. काल मोजलं. भेग थांबली. नुसती थांबली नाही, एका ठिकाणी केसाएवढी मिटलीय. सणाआधी चार सरी पडून गेल्या ना, त्याने काळी माती फुगली असणार. माझं दोन बोटांचं गणितही बरोबर निघालं. मी तीन तीन वेळा मोजलं, प्रत्येक वेळी तेच. मग सही दिली. फिकादूने हात मिळवला. म्हणाला, "आता तुमच्या आईचा शिरो मलाही खायला बोलवा."

आईने घर असं सजवलंय की बघत राहावं. भिंती पांढऱ्या, जमिनीवर हिरवं गवत, बाहेर कोंबडीच्या रश्श्याचा वास. पंचावन्न दिवसांचा उपास तिने एका बैठकीत सोडला. इद्दिरचे प्रमुख गाशे वोल्देयेसही होते, आपले जुने शिंपी. आता सुईत दोरा ओवता येत नाही, पण अजून गळ्यात टेप घालून फिरतात. बाबांच्या शेवटच्या कोटाची गोष्ट त्यांनी पुन्हा सांगितली, आणि आई हसली.

मी उगीच तुझ्या मागे लागले होते. आता फोनची गरज नाही. म्हणजे, करायचा असेल तर कर. घर सोड वगैरे म्हणायला नको, एवढंच.

खूप दिवसांनी झोप लागली.

तुझी,
बेलाय


अदिस अबाबा, गिन्बोत ९

झेवदू,

हे पत्र मी चर्चच्या मैदानात बाकावर बसून लिहिते आहे. इथे का, ते सांगते.

परवा शेजारची बिर्के गेली. तुला तिने लहानपणी शिरो खाऊ घालून पोसलंय. मंडप आपल्याच अंगणात. काल दुपारी मी कामावरून तशीच आत गेले. शंभरएक माणसं बाकांवर, बायका खाली, आई कोपऱ्यात कॉफी ओतत होती. मी तिच्याजवळ बसले. उगीच काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "मागची भिंतसुद्धा पांढरी केलीस की."

"केली. पण तुझे खिळे सांभाळले हो! विचार यांना."

गाशे वोल्देयेस शेजारीच होते. खूश झाले. "आई म्हणाली, पोरीचं काम मोडायला नको. म्हणून लिंपायच्या आधी मी स्वतः खिळे काढले. लिंपण वाळल्यावर परत ठोकले. वर तू पेन्सिलने लिहिला होतास, तोच आकडा टेपने धरून. खिळे पार लांब गेले होते, मी बरोबर जागेवर आणले. वर आकडाही तसाच लिहून ठेवला, तुझ्या हातासारखा. जन्मात एक शिवण वाकडी गेली नाही माझी."

मी कप खाली ठेवला.

"पार लांब म्हणजे किती, गाशे?"

त्यांनी आपला अंगठा वर धरला आणि नखाच्या रुंदीवर बोट ठेवलं.

झेवदू, मी सही दिली ती त्या टेपच्या आकड्यावर. भेग थांबली नव्हती. ती पळत होती, आणि दोन मायाळू म्हाताऱ्यांनी तिला पकडून परत जागेवर बसवलं होतं. नवं लिंपण मला दिसलं नव्हतं असं नाही. दरवर्षीच लिंपतात. खिळे जागच्या जागी दिसले आणि मी पुढे विचार केला नाही. मला तो आकडा हवा होता.

कोठाराच्या बाजूने कुंपणापाशी गेले. खांबांच्या डोक्यामागे माती सुटली होती, आत हात जाईल एवढी. खाली चौथा थर अर्धा खणून झाला होता, टेकू एकही नाही. मी वरून फिकादूला हाक मारली.

"माणसं बाहेर काढा! आणि खांबांच्या पायाशी माती परत टाका."

"सही तुमचीच आहे, इंजिनियरबाई."

"म्हणूनच मी सांगते आहे."

तो टोमणा मारणार होता, पण माझ्याकडे बघून थांबला. शिटी फुंकली. माणसं शिडीने वर यायला लागली. मातीचे ट्रक मात्र सकाळशिवाय मिळणार नाहीत म्हणाला.

मंडपात परत आले. गाशेंच्या कानाशी वाकून म्हटलं, "सगळ्यांना इथून हलवा. आत्ता. जमीन जाणार आहे."

"उभा मंडप हलवत नाहीत, बेलायनेश."

"गाशे, ज्या ताटलीचा मी बैठकीत नकाशा दाखवते, तिच्या बरोबर तळात ही बाकं आहेत."

"उद्या तिसरा दिवस. उद्या संध्याकाळी उतरवू. बिर्केच्या मुलीला काय सांगू, तुझ्या आईसाठी रडणं थांबव, मागे खड्डा आहे?" त्यांनी माझं मनगट धरलं. "चाळीस वर्षांत असं झालेलं नाही. घाबरवू नकोस लोकांना, चेंगराचेंगरी होईल."

ते खोटं नव्हतं. बाजूचा बोळ एका माणसाच्या रुंदीचा आहे. मी ओरडले असते तर बोळातच माणसं पडली असती. मी आईकडे बघितलं. तिने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं आता म्हणेल, मी इथून हलणार नाही.

तिने किटली खाली ठेवली. दुःखात घेतात तशी शाल काठ उलटा करून खांद्यावर घेतली, आणि उभी राहिली. मग मंडपाच्या मधोमध जाऊन छातीवर हात मारला आणि गायला लागली.

"ऊठ माझ्या मातीच्या घरा, तुला न्यायला आलेत. तुझ्या दारातून मी नवरी आले, माझा धनी उताणा गेला. माझी लेकरं तुझ्या भिंती धरून चालली. ऊठ, मी तुला एकटं पाठवत नाही..."

बाबांच्या वेळीही ती असं रडली नव्हती. क्षणभर मला वाटलं हिचं डोकं फिरलं. पण मंडपात कोणी उभं राहून शोक करायला लागलं की बसून राहायचं नसतं. बायका उठल्या. मग पुरुष उठले. कोणासाठी, कशासाठी, कोणी विचारलं नाही. आई गात गात बोळाकडे निघाली, आणि एकामागून एक सगळे तिच्या मागे, हळू, जसे मयताच्या मागे जातात तसे. कोणी धक्का दिला नाही. बिर्केच्या मुलीने येऊन आईच्या कमरेत हात घातला. दोघी मिळून रडत होत्या. कोण कोणासाठी, ते त्यांनाही वेगळं करता आलं नसतं.

गल्लीच्या वरच्या टोकाला, चर्चच्या मैदानात आई थांबली. मागून गाशे धापा टाकत आले आणि आईला म्हणाले,

"अत्सेदे! मातीच्या भिंतींसाठी कोणी असं रडतं का?"

आईने शालीने तोंड पुसलं. "याहून कमी ओळखीच्या माणसांसाठी रडलेय मी, तुमच्याच मंडपात."

लोक बघत होते. बिर्केची मुलगी तिथेच जमिनीवर बसली आणि तिच्याभोवती बायका बसल्या. गाशेंनी गळ्यातला टेप काढून खिशात टाकला आणि तरुण मंडळींकडे वळले. "काय बघता? कापड आणि दोर तेवढे सोडवून आणा, दोघांहून जास्त आत जाऊ नका. रडणारे जिथे, मंडप तिथे."

आई आता माझ्या शेजारी बसली आहे. मघाशी तिने कमरेची किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "आणखी काही आणायचं राहिलं असेल, तर तू जाऊ नकोस."

बेलायनेश


अदिस अबाबा, गिन्बोत १८

झेवदू,

कोणी मेलं नाही. हे आधी लिहिते.

मागचं पत्र लिहिलं त्याच दिवशी, मातीचे ट्रक वळत होते तेवढ्यात जमीन गेली. भर दुपारी. आवाज मोठा नव्हता, पोतं उलटं केल्यासारखा. खांब आत कलले, कुंपण, कोठार, चुलीचं खोपटं, अंगण, आणि घराची मागची भिंत. पुढची खोली उभी आहे. त्यात आईचा पलंग दिसतो, गल्लीतून जाणाऱ्या कोणालाही.

आई आता माझ्याकडे आहे. जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबून ती कोपऱ्याची रुंदी बघते.

चौकशी बसली. तीन साहेब, लांब टेबल. त्यांनी विचारलं, सणानंतर आकडा जागच्या जागी कसा आला? मी म्हटलं, मोजण्यात माझी चूक झाली. त्यांनी विचारलं, कसली चूक? मी म्हटलं, खिळे भिंतीत घट्ट आहेत की नाही हे मी तपासलं नाही. हे खरंच आहे, झेवदू. लिंपणाबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. काढलं असतं तर फिकादूच्या साहेबाने दुसऱ्या दिवशी छापून आणलं असतं: शेजाऱ्यांनी उपकरणांशी छेडछाड केली. मग टेकू न बसवता खणल्याचं कोणी विचारलंच नसतं. फिकादूने मात्र एक केलं. त्याला विचारलं तेव्हा म्हणाला, टेकूंशिवाय खणू नका असं बाईंनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. त्याला काढलं. मलाही.

त्या रात्री जेवताना आईने इंजेराचा तुकडा हातात धरला आणि तसाच ठेवला. "बेलाय, माझ्या लिंपण्यामुळे झालं का?"

"नाही."

"खरं सांग."

"नाही गं. खड्डा मोठा होता, टेकू नव्हते. तुझी भिंत काय करणार?"

तिने माझ्याकडे बघितलं. मग जेवली.

आता ही गोष्ट या जगात मला आणि तुला माहीत आहे. गाशेंना थोडी कळली असावी. ते आले होते, माझ्या हातावर हात ठेवून बसले आणि टेपबद्दल काहीच बोलले नाहीत. तुला का लिहिलं? कोणालातरी सांगायचंच होतं, आणि तू परत काही बोलत नाहीस, म्हणून सोपं गेलं.

बेलायनेश


अदिस अबाबा, सेने ५

झेवदू,

आज इद्दिरची बैठक होती, चर्चच्या मैदानातच. मी आईला बसने घेऊन गेले. विषय एकच: ज्यांची घरं गेली किंवा जाणार, त्यांचं सभासदत्व राहतं की जातं. नियमाने गल्ली सोडली की जातं. आई पहिल्या रांगेत बसली होती. किल्ली तिने माझ्याकडून मागून घेऊन रुमालात बांधून आणली होती, परत करायला.

गाशे उठले. म्हणाले, गल्ली कुठे आहे ते दाखवा, मग मी नियम दाखवतो. आई सभासद राहिली. कितीही लांब गेली तरी राहिली. मंडप आता चर्चच्या खोलीत ठेवायचा आणि त्या खोलीचीही किल्ली आईकडेच. दोन बस बदलून येईल म्हणते.

मग एक गोष्ट उरली. प्रत्येक सभासदाचा एक माणूस ठरलेला असतो, ज्याला मृत्यू सगळ्यात आधी कळवायचा. आईचा माणूस बाबा होते. ते गेल्यावर तिने कोणाचंच नाव दिलं नव्हतं, आणि कोणी विचारायला धजलं नव्हतं. आज गाशेंनी विचारलं. मी पुढे सरकले, माझं नाव सांगायला तोंड उघडलं.

"झेवदू," आई म्हणाली.

कोणीतरी मागून म्हणालं, "तो तर परदेशात."

"असू दे. त्याला आधी कळवा. आणि तो येईपर्यंत माती टाकू नका."

गाशे म्हणाले, "अत्सेदे, इद्दिर एवढं थांबत नाही."

"माझ्यासाठी थांबेल. मी कधी कोणाच्या मयताला उशिरा कोठार उघडलंय का?"

हसू फुटलं, आणि त्या हसण्यातच ते मंजूर झालं. परतीच्या बसमध्ये तिने खिडकीकडे तोंड केलं होतं. मी म्हटलं, "मला सांगायचं तरी होतंस." ती म्हणाली, "तू तर जवळच आहेस. तुला कळवायचं काय?"

एक अट आहे. ज्याचं नाव दिलं, त्याने स्वतः हो म्हणावं लागतं. पुढच्या बैठकीआधी. फोनवर, कागदावर, कसंही चालेल, पण त्याचे स्वतःचे शब्द हवेत.

म्हणून या वेळी मी काही मागत नाही, फक्त विचारते: हो की नाही? नाही असलं तरी लिही. गाशेंना ते मी सांगू शकेन. आईला काय सांगायचं ते मला सुचत नाही. तिच्याशी एकदा खोटं बोलून झालंय, आणि तेव्हाही तिने माझ्याकडे पुरेसं बघून घेतलं होतं.

बेलायनेश